रशीद ते फिले : चित्रलिपीच्या मागावर नाईलकाठी

रविवार, जुनं कैरो

इजिप्तला पोचलेली माणसं पहिली सकाळ गिझाच्या पिरॅमिडांना देतात. आम्ही ती अल-मुअल्लका चर्चला दिली. रोमन किल्ल्याच्या दरवाजावर उभं आहे, म्हणून त्याला ‘झुलतं चर्च’ म्हणतात. मावशीने आदल्या रात्रीच हटकलं होतं, “अगं, चित्रलिपी बघायला आलोय ना आपण? मग चर्चमध्ये काय ठेवलंय?” ती निवृत्त शिक्षिका, आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलेलं. कारण सांगितल्याशिवाय ती कुठे हलत नाही. म्हटलं, “आधी ऐक, मग सांगते.”

रविवारची प्रार्थना रंगात आली होती. धुपाचा धूर, झांजांचा ठेका, बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. पाद्री अरबीत बोलत होते, पण मध्येच अरबी थांबायची आणि एक वेगळीच, दणकट व्यंजनांची भाषा सुरू व्हायची. शेजारच्या आजींनी आपलं पुस्तक आमच्यासमोर धरलं. डावीकडे कॉप्टिक, उजवीकडे अरबी. त्यात एक शब्द सारखा कानावर पडत होता : ‘इफनूती’, म्हणजे देव. त्यातलं ‘इफ’ हे नुसतं उपपद, खरा शब्द ‘नूती’. देवळांच्या भिंतींवर काठीला गुंडाळलेल्या निशाणाचं जे चिन्ह जागोजागी दिसतं, तो हाच शब्द. अभ्यासक त्याचा उच्चार ‘नेचेर’ असा करतात, पण तो सोयीचा उच्चार आहे, कारण प्राचीन इजिप्शियन लोक स्वर लिहीतच नसत. तो शब्द आज कोणी म्हणत असेल तर ही चर्चमधली मंडळीच.

कॉप्टिक ही प्राचीन इजिप्शियन भाषेचीच शेवटची अवस्था. ग्रीक अक्षरं घेतली, आणि ग्रीकमध्ये नसलेल्या आवाजांसाठी डेमोटिक या जुन्या शीघ्रलिपीतली काही चिन्हं ठेवली. पुढे अरबी आली, घराघरांतून कॉप्टिक गेली, पण प्रार्थनेत टिकली.

मी काही वर्षांपासून मोडी वाचते. मोडीचा कागद कितीही किचकट असला तरी खाली मराठीच आहे हा भरवसा असतो. अक्षर अडलं तरी वाक्य कुठे चाललंय ते कळतं आणि अक्षर सुटतं. जेम्स प्रिन्सेपने 1837 साली ब्राह्मी लावली तेव्हाही खाली प्राकृत होती आणि संस्कृत, पाली जाणणारे पंडित हाताशी होते. इजिप्तच्या बाबतीत लिपी तर गेलीच होती, आणि भाषाही गेली असंच बहुतेक जण धरून चालले होते. सतराव्या शतकात आथानासियस किर्शर या जेझुइट विद्वानाने कॉप्टिक म्हणजेच जुनी इजिप्शियन हे ओळखलं होतं. पण चित्रलिपी वाचताना तो तेच विसरला आणि प्रत्येक चित्रात गूढ तत्त्वज्ञान शोधत बसला. 1822 साली चित्रलिपी उलगडणाऱ्या झाँ-फ्रान्स्वा शाँपोलियाँ या फ्रेंच अभ्यासकाने दोन्ही टोकं जोडली. पॅरिसमध्ये साँ-रॉक चर्चमधल्या युहन्ना शिफ्तिशी या इजिप्शियन पाद्रींकडून तो कॉप्टिक शिकला, आणि इतका रमला की स्वतःशी कॉप्टिकमध्ये बोलायचा. एकच मजकूर तीन लिप्यांत कोरलेल्या रोझेटा शिलेचं कौतुक सगळे करतात. माझ्या मते निम्मं श्रेय या चर्चमधल्या पुस्तकांना जातं, आणि म्हणूनच सुरुवात इथून करायची होती.

दुपारी शेजारच्या कॉप्टिक संग्रहालयात एका हस्तलिखितापुढे मावशीला ‘शाय’ हे अक्षर दाखवलं. आपल्या ‘श’चं काम करतं, दिसायला खाली जोडलेल्या तीन उभ्या दांड्या. ते डेमोटिकमधून आलं, आणि डेमोटिकमध्ये आलं ते चित्रलिपीतल्या कमळांच्या तळ्यावरून. मावशीने चष्मा वर करून पाहिलं. “म्हणजे देठ उरले, फुलं गेली,” म्हणाली.

सोमवार, रशीद

कैरोहून उत्तरेला गाडीने तीन-चार तास. नाईलचा एक फाटा जिथे भूमध्य समुद्राला मिळतो तिथलं हे गाव. युरोपीय लोकांनी त्याचं रोझेटा केलं. लाल-काळ्या विटांची जुनी तुर्की घरं, लाकडी जाळ्यांच्या खिडक्या आणि बाजारभर मासळी. पर्यटक जवळजवळ नाहीत.

शिला सापडली तो किल्ला गावापासून थोडा उत्तरेला आहे. पंधराव्या शतकात सुलतान कायतबायने बांधला, आणि बांधताना जुन्या देवळांचे दगड सर्रास वापरले. नेपोलियनच्या सैन्याने त्याला ‘फोर्ट ज्युलियन’ असं नाव देऊन डागडुजी सुरू केली, आणि जुलै 1799 मध्ये पिएर-फ्रान्स्वा बुशार या अधिकाऱ्याच्या नजरेला पडझडीतला एक काळपट दगड पडला. एका बाजूने गुळगुळीत, त्यावर तीन पट्ट्यांत तीन लिप्या. 760 किलोंचा धोंडा. त्याने तो बाजूला काढून ठेवला, हे त्याचे उपकार.

गावातल्या संग्रहालयात शिलेची प्रतिकृती आहे. ब्रिटिश म्युझियमने 2005 साली पूर्ण आकाराची प्रतिकृती इजिप्तला भेट दिली. खरी शिला 1801 च्या तहात इंग्रजांनी फ्रेंचांकडून घेतली आणि 1802 पासून ती लंडनमध्ये आहे. तह दोन परक्या सैन्यांमधला, आणि दगड तिसऱ्याच देशाचा. तो परत यावा असं इथल्या लोकांना वाटतं आणि मला ते पटतं.

प्रतिकृतीचा एक फायदा मात्र झाला. समोर ना गर्दी, ना काच. वर चित्रलिपीच्या 14 ओळी उरल्यात, त्याही तुटक्या. मध्ये डेमोटिकच्या 32, खाली ग्रीकच्या 54. मजकूर इसवी सन पूर्व 196 चा : पाचव्या टॉलेमी या ग्रीक वंशाच्या राजाने देवळांना करमाफी दिली, म्हणून पुरोहितांनी त्याच्या सन्मानाचा ठराव केला. ग्रीक मजकुराच्या शेवटी, हा ठराव पवित्र, देशी आणि ग्रीक अशा तिन्ही अक्षरांत कोरावा, असं स्पष्ट लिहिलंय. तिन्हींत एकच गोष्ट आहे हे अभ्यासकांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, तरीही चित्रलिपी वाचायला तेवीस वर्षं लागली.

का लागली ते मावशीने पाचच मिनिटांत सांगितलं. शाँपोलियाँने मोजदाद केल्याचं मी तिला सांगितलं होतं : ग्रीकमध्ये 486 शब्द, आणि उरलेल्या चित्रलिपीत 1419 चिन्हं. “एका शब्दाला एक चित्र असतं तर आकडे जुळले असते,” ती म्हणाली. “इथे तर जवळजवळ तिप्पट भरताहेत. म्हणजे काही चिन्हं आवाजाची असणारच.” शाँपोलियाँचाही निष्कर्ष हाच होता.

मग तिने टॉमस यंगची बाजू घेतली. यंग म्हणजे प्रकाशाच्या तरंगांचा प्रयोग करणारा, ‘यंगचा गुणांक’वाला. तिने तो तीस-तीस मुलांच्या वर्गांना शिकवलेला. टॉलेमीचं नाव लंबगोल चौकटीत आहे हे दाखवून त्यातली काही चिन्हं आधी यंगनेच बरोबर लावली होती, आणि डेमोटिक ही चित्रलिपीतूनच उतरली हेही त्याने ओळखलं होतं. 1819 मध्ये त्याने ते छापलंही. शाँपोलियाँने त्याला हवं तेवढं श्रेय दिलं नाही, हे मावशीचं म्हणणं मला मान्य आहे. पण यंगला वाटत होतं की आवाजाची चिन्हं परक्या नावांपुरतीच, बाकी सगळी कल्पनांची चित्रं. त्याच्याकडे गणित होतं, कॉप्टिक नव्हती. परतीच्या वाटेवर कैरो येईस्तोवर आमचा वाद चालला.

मंगळवार, सक्कारा

उनास राजाचा पिरॅमिड बाहेरून ढिगाऱ्यासारखा आहे. आत वाकून उतरायचं, आणि मग उभं राहिलं की चारी बाजूंनी उभ्या ओळीच ओळी, प्रत्येक चिन्हात निळा रंग भरलेला. छतावर चांदण्या. साडेचार हजार वर्षांपूर्वीचे हे मंत्र. असे मंत्र पिरॅमिडांमध्ये आहेत हे मास्पेरो या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाने 1880 च्या दशकात उजेडात आणलं, म्हणजे शाँपोलियाँ जाऊन पन्नास वर्षं होत आली होती. त्याच्या नशिबी हे पाहणं नव्हतं.

इथे मी मावशीला दिशा शिकवली. चिन्हातले प्राणी आणि माणसं ज्या बाजूला तोंड करून असतात तिकडून वाचत यायचं. उनासच्या नावात आधी ससा येतो, मग पाण्याची लाट, मग वेताचं पान, मग ‘स’. ससा ‘वन’, लाट ‘न’, पान ‘इ’. लाट पुन्हा ‘न’ म्हणत नाही, सशातल्या ‘न’लाच दुजोरा देते. अशी राखणदार चिन्हं या लिपीत पावलोपावली आहेत. ही गोष्ट नीट उलगडून दाखवली कार्ल रिचर्ड लेप्सियस या जर्मन अभ्यासकाने, 1837 साली. शाँपोलियाँची घडी बसली ती खरी यानंतर.

संध्याकाळी गिझाचं नवं भव्य संग्रहालय. बघायला आठवडा हवा, आमच्याकडे तीन तास होते, म्हणून एकच सांगते. प्रवेशाआधी दुसऱ्या रामसेसचा ओबेलिस्क, म्हणजे उंच टोकदार दगडी स्तंभ, चार खांबांवर उचलून उभा केलाय. त्याच्याखाली जाऊन मान वर केली की तळाच्या दगडावर कोरलेली राजाची नामचौकट दिसते. तीन हजार वर्षं ती जमिनीकडे तोंड करून होती, वाचायला कोणीच नव्हतं.

रात्रीच्या गाडीने लक्सरला निघालो.

गुरुवार, अबायडोस आणि डेंडेरा

बुधवार लक्सर आणि कर्नाकमध्ये गेला. त्याबद्दल सगळेच लिहितात. लक्सरच्या देवळापुढे दोन ओबेलिस्क होते, त्यातला एक शाँपोलियाँनेच पसंत केला आणि 1836 पासून तो पॅरिसच्या चौकात उभा आहे, एवढं सांगून पुढे जाते.

पहाटे निघून उत्तरेला अबायडोस. पहिल्या सेतीच्या देवळात एका बोळात राजांची यादी आहे : सेतीचा लहान मुलगा, म्हणजे पुढचा दुसरा रामसेस, हातात गुंडाळी धरून उभा, आणि समोर 76 नामचौकटी. मेनेस पहिला. अखेनातेन, तुतनखामुन, हातशेपसुत ही नावं मुद्दाम गाळलीत. आम्ही बोटाने एकेक चौकट लावत गेलो. खुफूची लागली तेव्हा मावशीने इतक्या मोठ्याने “खु-फू!” म्हटलं की रखवालदार आला. तो हसला आणि त्याने स्वतःच पुढची चौकट वाचून दाखवली.

याच देवळात एका तुळईवर ‘हेलिकॉप्टर’ आहे म्हणून गाइड लोक गर्दी जमवतात. मला याचा मनापासून राग येतो. तिथे आधी सेतीची बिरुदं कोरलेली होती, नंतर रामसेसने गिलावा भरून त्यावर आपली कोरली. गिलावा पडला आणि दोन्ही मजकूर एकमेकांत मिसळले. खालचा मजकूर म्हणतो ‘नऊ धनुष्यांना परतवणारा’, म्हणजे इजिप्तच्या शत्रूंना, आणि वरचा म्हणतो ‘इजिप्तचं रक्षण करणारा’. बाप आणि मुलगा एकाच दगडावर वाचता येतात, यापेक्षा हेलिकॉप्टर कशाला हवं?

देवळामागच्या वाळवंटात, उम्म अल-काबला, जर्मन उत्खननात ग्युंटर ड्रायर यांना 1988 साली एक थडगं सापडलं. त्यात हाडा-हस्तिदंताच्या नखाएवढ्या पट्ट्या होत्या, मालाला बांधायच्या, आणि त्यांवर कोरलेली चिन्हं. इसवी सन पूर्व 3200 च्या आसपासची. इजिप्तमधल्या सर्वांत जुन्या लेखनापैकी हे एक. राजाच्या पराक्रमाची गाथा वगैरे काही नाही, माल किती आणि कुठला, एवढंच.

परतताना डेंडेरा. नोव्हेंबर 1828 मध्ये शाँपोलियाँची नाव इथे रात्री लागली. चांदणं होतं, त्याला सकाळपर्यंत दम निघेना. वाटाड्या नाही, काही नाही, शेतांतून तुडवत ही मंडळी देवळात पोचली आणि दोन तास नुसती हिंडली.

इथल्या छतावरच्या गोल राशिचक्राची गोष्ट मला फार आवडते. ते चक्र काही हजार वर्षं जुनं आहे असं बरेच जण मांडत होते. ते छत 1821 मध्ये कापून काढलं आणि पॅरिसला नेलं, आता तिथे साचा बसवलाय. शाँपोलियाँने नेपोलियनच्या विद्वानांनी छापलेल्या चित्रावरून चक्राशेजारच्या चौकटीत ‘ऑटोक्रेटर’ हा शब्द वाचला : ही रोमन सम्राटांची पदवी, म्हणजे चक्र रोमन काळातलं. वाद मिटल्यासारखा झाला. आणि प्रत्यक्ष इथे येऊन वर बघतो तो काय, चौकट कोरी! कोरणाऱ्याने त्यात छिन्नी लावलीच नव्हती, चित्रकारांनी ती आपल्या मनाने भरली होती. त्याने हे लपवलं नाही, भावाला पत्रात स्वतःच कळवलं. काळ मात्र फारसा चुकला नव्हता. चक्र टॉलेमी घराण्याच्या अखेरीचं आहे, त्याच्या हजारो वर्षं आधीचं नाही. आम्ही आत फिरलो तर अशा कोऱ्या चौकटी भिंतीभर. गादीवर कोण टिकेल याचा पुरोहितांना भरवसा नसावा.

शुक्रवार, राजांची दरी

चौथ्या रामसेसचं थडगं इतरांच्या मानाने सरळ आणि मोकळं. 1829 साली शाँपोलियाँ आणि त्याचे सोबती काही महिने इथे राहिले. हवा थोडी थंड, भिंती आयत्या. दारापाशी भिंतीवर तांबड्या रंगात कॉप्टिक ओळी आहेत. शेकडो वर्षांपूर्वी ख्रिस्ती साधू याच थडग्यात येऊन राहत असत. म्हणजे त्या एका दालनात राजाची चित्रलिपी, तिच्यावर त्याच भाषेच्या नातवंडांची अक्षरं, आणि समोर खाट टाकून बसलेला तो माणूस, ज्याला दोन्ही वाचता येत होती. मी तिथे बराच वेळ थांबले. मावशीने रविवारचं ‘शाय’ अक्षर स्वतः शोधून काढलं.

पहिल्या सेतीच्या थडग्याचं तिकीट वेगळं आणि महाग आहे, पण काढावं. रंग बघून डोळे दिपतात. आणि एका ठिकाणी भिंत कापलेली दिसते. ते काम शाँपोलियाँचं. एक तुकडा लूव्रला गेला, त्याच्यासोबत आलेल्या इटालियन रोसेलिनीने घेतलेला दुसरा फ्लोरेन्सला. ज्याने या भिंतींना वाचा दिली त्यानेच त्या फोडाव्यात, याचं मला वाईट वाटलं, आणि ते लिहिल्याशिवाय राहवत नाही.

रविवार, अबू सिम्बेल

शनिवारी एडफू बघून अस्वानला पोचलो. पहाटे चारला पुन्हा गाडी, साडेतीन तास नुसतं वाळवंट.

14 सप्टेंबर 1822 ला पॅरिसमध्ये शाँपोलियाँच्या हातात वास्तुविशारद युओने इथून काढून आणलेली चित्रं पडली. एका चौकटीत आधी वाटोळं सूर्यबिंब, मग एक अनोळखी चिन्ह, मग दोनदा ‘स’. सूर्याला कॉप्टिकमध्ये ‘रे’ म्हणतात. मधलं चिन्ह रोझेटा शिलेवर राजाच्या वाढदिवसाच्या संदर्भात येतं, आणि कॉप्टिकमध्ये जन्म देणं म्हणजे ‘मिसे’. रे-मस्-स्. रामसेस! पुढच्या चौकटीत सूर्याच्या जागी थोथ देवाचा आयबिस पक्षी आणि पुन्हा तेच ‘मस्’ : थोथमेस. हे ग्रीक राजे नव्हेत, त्यांच्या हजार वर्षं आधीचे. म्हणजे आवाजाची चिन्हं परक्या नावांपुरती नव्हती, मुळापासूनच होती. तो धावत भावाच्या कचेरीत गेला, “जमलं!” म्हणून ओरडला आणि कोसळला, असं घरचे सांगत. 27 सप्टेंबरला त्याने अकादमीपुढे आपलं प्रसिद्ध पत्र वाचलं. रामसेसचा हा सगळा पुरावा मात्र त्याने 1824 च्या ग्रंथात मांडला.

आम्ही मोठ्या देवळापुढे उभे होतो तेव्हा ती चौकट पुतळ्यांच्या दंडांवर कोरलेली समोरच होती. मावशी काही बोलली नाही, फक्त माझी वही घेऊन चारही चिन्हं उतरवली, त्यांच्याखाली देवनागरीत उच्चार लिहिला. मग म्हणाली, “बरं. हे यंगला नसतं जमलं.”

इथून आणखी दक्षिणेला वादी हाल्फाहून शाँपोलियाँने 1 जानेवारी 1829 ला पॅरिसला कळवलं की नाईलचा सारा काठ पाहून झाला, आणि आपल्या वर्णमालेत काहीही बदलायची गरज नाही. तीन वर्षांनी, 41 व्या वर्षी तो गेला. त्याचं व्याकरण भावाने नंतर छापलं.

सोमवार, फिले

शेलाल धक्क्यावर बोटवाल्यांशी घासाघीस, मग दहा मिनिटांत बेट. मूळ फिले बेट धरणाच्या पाण्याखाली गेलं. देऊळ दगड-दगड सुटं करून शेजारच्या अगिल्किया बेटावर पुन्हा उभारलं, 1980 मध्ये ते खुलं झालं.

देवळापुढचा एक ओबेलिस्क विल्यम बँक्स या इंग्रज प्रवाशाने इंग्लंडला नेला. त्याच्या बैठकीवर ग्रीकमध्ये टॉलेमी आणि क्लिओपात्रा, आणि अंगावर चित्रलिपीत दोन चौकटी. याची नक्कल 1822 च्या सुरुवातीला शाँपोलियाँला मिळाली. आतल्या भिंतींवर ही दोन्ही नावं आहेत, ती आम्ही शेजारीशेजारी ताडून पाहिली. सिंह ‘ल’ : टॉलेमीत चौथा, क्लिओपात्रात दुसरा. फास ‘ओ’, चौकोन ‘प’, जिथे हवे तिथे. पण ‘त’ जुळेना. टॉलेमीत अर्धगोल पाव, क्लिओपात्रात माणसाचा हात. मावशी अडली. शाँपोलियाँने तिथे न अडता मानलं की एकाच आवाजाला दोन चिन्हं असू शकतात, आणि मग ‘अ’ची गिधाडं, ‘र’चं तोंड, सगळं आपोआप जागेवर बसलं.

हेड्रियनच्या दरवाजाकडे फार कोणी वळत नाही. तिथे मंदुलिस या नुबियन देवाची ओबडधोबड आकृती आहे आणि बाजूला थोडी वेडीवाकडी चिन्हं. इसिस देवीचा दुसरा पुरोहित नेस्मेतेराखेम, नेस्मेतेरचा मुलगा, याने ती 24 ऑगस्ट 394 ला कोरली. चित्रलिपीतला तारीख ठाऊक असलेला हा शेवटचा लेख. अबायडोसच्या पट्ट्यांपासून इथवर साडेतीन हजार वर्षांहून जास्त. हात सराईत नाही हे माझ्यासारखीलाही दिसलं. पण निशाणाचं चिन्ह, ‘नेचेर’, त्याने नीट काढलंय.

सहाव्या शतकात रोमन सम्राट जस्टिनियनच्या हुकुमाने देऊळ बंद झालं, आत चर्च झालं, खांबांवर क्रूस कोरले गेले, देवांचे चेहरे छिन्नीने तासले गेले. ते करणारे ख्रिस्तीच होते, आणि ज्यांच्या प्रार्थनेत ‘नूती’ टिकला तेही ख्रिस्तीच. दोन्ही एकाच भिंतीशी उभं राहून मान्य करावं लागतं. मावशीला हे मी सांगितलं तर ती म्हणाली, “मग भांडायचं कोणाशी?” मला उत्तर सुचलं नाही.

जाणार असाल तर सकाळी पहिल्या बोटीने जा. उन्हं तिरपी असतात तेव्हाच ती उथळ अक्षरं दिसतात. गाइडला हेड्रियनचा दरवाजा आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो तुम्हाला थेट चहाच्या टपरीकडे नेईल. आणि वहीत टॉलेमी, क्लिओपात्रा, रामसेस ही तीन नावं चिन्हांसकट उतरवून न्या. भिंतीपुढे उभं राहून वाचायला सुरुवात करायला तेवढी पुरतात.